माळवदाचं घर दुरुस्त करायचंय? आधी एक पावसाळा त्यात बसून काढा

जुनं घर दुरुस्त करायला निघालेला माणूस पहिल्यांदा सिमेंटच्या दुकानात जातो. २००६ साली मीही गेलो होतो, आणि ते निस्तरण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली.

आमचा वाडा बार्शी-तेर पट्ट्यातल्या एका गावात आहे. दिंडी दरवाजाच्या वरच्या पाटावर शके १८०९ कोरलंय, म्हणजे साल १८८७. म्हणायला वाडा, पण फार मोठा नाही. एक चौक, सात खणांचा (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) सोपा, माजघर, देवघर, भिंतीतली धान्याची दोन बळदं आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होतो. बांधकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. जे शिकलो ते आमच्या गवंडीमामांकडून आणि स्वतःच्या चुकांतून. आता आसपासच्या गावांतून लोक विचारायला येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून लिहून काढतोय. हे सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडच्या मातीच्या धाब्याच्या घरांबद्दल आहे. कोकणातल्या जांभ्याच्या, कौलारू घराला यातलं निम्मंच लागू पडेल.

पहिला पावसाळा फक्त बघायचं

इंजिनातून ऑइल गळायला लागलं तर आम्ही आधी ऑइल ओतत नसू, गळतंय कुठून ते शोधत असू. घराचंही तसंच. मृगाच्या आधी घरातलं सामान एका बाजूला घ्या, हातात बॅटरी आणि कोळसा घ्या आणि पाऊस पडत असताना घरभर फिरा. जिथं थेंब पडतो तिथं खाली जमिनीवर किंवा शेजारच्या भिंतीवर नंबर टाका, तारीख टाका. आमच्याकडे त्या वर्षी २३ खुणा झाल्या. पण पाणी जिथं टपकतं तिथूनच आत शिरतं असं नाही. ते वरून शिरतं, एखाद्या सऱ्याच्या, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाच्या, पाठीवरून चार-पाच फूट चालत जातं आणि सोयीची जागा बघून खाली उडी मारतं. दिवाळीनंतर माळवदावर चढून बघितलं तर २३ पैकी १७ खुणांचं मूळ दोनच जागी निघालं. एक तुंबलेली पन्हळ, म्हणजे माळवदावरचं पाणी बाहेर टाकणारी नळी, आणि कठड्यालगत उगवलेलं, मनगटाएवढं झालेलं कडुनिंबाचं झाड. तेवीस ठिकाणी डागडुजी करत बसलो असतो तर पैसे गेले असते आणि गळती तशीच राहिली असती.

त्याच पावसाळ्यात भिंतींकडेही लक्ष ठेवा. ओळंबा सोडून भिंतीला पोट सुटलंय का ते मोजा आणि आकडा वहीत लिहा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. भेग दिसली की लगेच भरू नका. तिच्यावर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे, नाही तडकली तर ती जुनी, थंडावलेली आहे. चालू भेग नुसती बुजवणं म्हणजे गरम इंजिनाच्या मीटरवर फडकं टाकण्यासारखं आहे. वर्षभर काच शाबूत राहिली की मग भरायची.

बघायच्या काळात कागदपत्रंही उरकून घ्या. वाडा एकट्याचा कधीच नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, तुमच्या गावात ड्रोनची मोजणी होऊन स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक आलं असेल तर तेही बघा आणि ज्यांची नावं आहेत त्या सगळ्या भाऊबंदांची लेखी संमती घ्या. आमच्या पुण्याच्या चुलतभावानं काम अर्ध्यावर असताना विचारलं, “आमच्या खणातली माती कुणाला विचारून काढली?” त्याचं चुकलं नव्हतं, मी त्याला विचारलंच नव्हतं. मग मे महिन्यात तीन आठवडे माळवद उघडं आणि मी पुण्याच्या खेपा घालतोय. आणखी एक, जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल, किल्ला म्हणा, देऊळ म्हणा, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी लागते. नवं बांधकाम तिथं होतच नाही. त्यापुढच्या २०० मीटरलाही परवानगीचा नियम आहे. आधी चौकशी करा.

घर उभं कशावर आहे

आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांत छताचा भार भिंतींवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो. खाली दगडी उथाळं, त्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे हात पसरलेले हस्त, त्यावर तुळई, तुळईवर सरे, सऱ्यांवर किलचन म्हणजे लाकडाचे दाटीनं बसवलेले छोटे तुकडे. किलचनावर पाला किंवा काटक्यांचा थर, मग चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. भिंती बाजूनं नुसत्या आडोशाला. खाली दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची किंवा भेंड्यांची (कच्च्या विटांची) अडीच-तीन फूट रुंद भिंत. पण हे प्रत्येक घरात असंच असेल असं धरून चालू नका. गरिबाघरी लाकूड परवडत नसे, तिथं सरे थेट भिंतीवर ठेवलेले असतात. काही वाड्यांत सोपा खांबांवर आणि माजघर भिंतीवर असंही असतं. एका खोलीचं किलचन भिंतीजवळ थोडं उकलून बघा, सरा कशावर टेकलाय ते कळेल. हे कळल्याशिवाय कुठल्याही भिंतीला छन्नी लावू नका.

आमच्या भागात माळवद म्हटलं की किल्लारी आठवतेच. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. हजारो माणसं दगडमातीखाली गेली. त्यानंतर अनेकांनी धसक्यानं माळवदं पाडली, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण पाडण्याआधी काय पडलं तेही बघायला हवं. दगडी भिंती बाहेरून आणि आतून दोन वेगवेगळ्या पदरांच्या होत्या. मध्ये दगडगोटे आणि मातीची भर, दोन्ही पदर एकमेकांना बांधणारे आरपार लांब दगड नव्हतेच किंवा फार थोडे होते. हादऱ्यानं पदर सुटे झाले. वर दरसाल चढत गेलेल्या मातीचं ओझं. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या आणि खांब-तुळईचा सांगाडा मात्र उभा राहिला. म्हणून दुरुस्तीत दोन गोष्टी करायच्याच. वरचं ओझं उतरवायचं आणि दगडी भिंतीत आरपार दगड घालायचे. दगड घालताना एका वेळी एकच भोक करायचं, भिंतीच्या जाडीएवढा लांब दगड बसवायचा, तो पक्का झाला की तीन-साडेतीन फूट सोडून पुढचं भोक. मोठा दगड मिळाला नाही तर सळई घालून काँक्रीटचा तेवढाच तुकडा त्या भोकात ओततात. जुन्या घरात सिमेंटला माझी परवानगी एवढ्याच एका ठिकाणी आहे. हे काम अनुभवी अभियंत्याला दाखवूनच करा, माझ्यासारख्या मेकॅनिकचं ऐकून नको.

माळवद उतरवणं

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर चार टोपल्या नवी माती टाकायची पद्धत आहे. जुनी काढायची पद्धत नाही. शंभर वर्षांत ती किती होते? आम्ही खणून बघितली तर दीड हातापेक्षा जास्त भरली. हिशेब करा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे साडेचार टन, तीही कोरडी. भिजली की आणखी. रिकाम्या एसटीच्या जवळजवळ निम्मं वजन डोक्यावर घेऊन आम्ही त्याखाली जेवत होतो, झोपत होतो. दीड हात म्हटल्यावर त्याच्या दुपटीहून जास्त.

माती उतरवताना एका बाजूनं सगळी काढू नका. सांगाडा एकीकडे हलका, एकीकडे जड झाला की तिरका होतो. सगळीकडून वीत-वीतभर थर काढत खाली या. गडी घमेली भरून दोरानं चौकात सोडत होते, आणि आमच्या हिनं तीच माती चाळून ठेवायला लावली. पुढं गिलाव्याला तीच वापरली. विकतची घ्यावी लागली नाही.

किलचन उघडं पडलं की एकेक तुकडा दाभणानं टोचून बघा. सुतार काढलेल्या तुकड्यांवर खडूनं नंबर टाकत होता, कारण प्रत्येक खणाचा नक्षीचा क्रम वेगळा. सडके बदला, बाकीचे जिथले तिथं. मग कडुनिंबाचा पाला, त्यावर भुसा घालून मळलेला चिखल आणि वर खारी मातीचा थर, सगळं मिळून नऊ इंचांच्या वर जाऊ द्यायचं नाही. थर ओलसर असतानाच चोपणीनं चोपायचा. ढाळ पन्हळीकडे, आणि पन्हळ भिंतीपासून निदान दीड-दोन फूट बाहेर आलेली हवी. नाही तर माळवदावरचं सगळं पाणी भिंतीच्या अंगावरून उतरतं. साण्याचं, म्हणजे छतातल्या झरोक्याचं, भोक बुजवू नका. त्याच्या काठाला उंच वरंबा करा आणि वर झाकण ठेवा. उजेड, धूर, घरातला दमटपणा, सगळ्यांची वाट तीच.

खारी माती ओळखायची कशी? गवंडीमामांची युक्ती सांगतो. ते पाच ठिकाणची माती आणत, प्रत्येकीचा गोळा मळून त्याची पाळीची वाटी करत आणि सावलीत वाळवत. सगळ्या वाट्या ओट्यावर ओळीनं मांडून त्यांत पाणी ओतायचं आणि झोपायला जायचं. सकाळी बघितलं तर काळ्या मातीची वाटी भेगाळून कोरडी, ओढ्याच्या मातीची बसकण मारलेली आणि एका वाटीत पाणी जसंच्या तसं, वर एक मुंगी तरंगतेय. “ही घ्या,” मामा म्हणाले. चव घेऊन बघितली तर खारट. क्षारांमुळे ही माती भिजली की फुगते आणि स्वतःचीच छिद्रं बंद करते. शेतकरी तिला चोपण म्हणून शिव्या देतो. माळवदाला तीच लागते.

पण ही माती गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडातून खणून आणू नका. ती टेकाडं म्हणजे जुनी गावं आहेत. तेरचंच बघा, प्राचीन तगर ते. तिथल्या पांढरीतून लोक पिढ्यानपिढ्या घरासाठी माती काढत आले आणि मातीबरोबर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या निघत राहिल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या, म्हणून आज तेरच्या संग्रहालयात बघायला मिळतात. नाही तर कुणाच्या तरी माळवदात चोपल्या गेल्या असत्या. आपलं घर वाचवायला दोन हजार वर्षांपूर्वीचं दुसऱ्याचं घर खणू नये. शेतातल्या चोपण पट्ट्यातली माती चालते. शेतकरी आनंदानं देतो.

माळवदावर हरळी आणि पिंपळाची रोपं उगवतात. कापून उपयोग नाही, मुळासकट उपटा. मूळ भिंतीत खोल गेलं असेल तर ओढू नका, भिंत सोबत येते. बुंधा कापा, मूळ मरू द्या आणि मग त्या जागेची माती उकरून नव्यानं भरा. माळवदावर प्लॅस्टिक अंथरून त्यावर माती टाकायचा सल्ला हल्ली सर्रास देतात. पावसात काम अडकलं तर वरून ताडपत्री टाका आणि ऊन पडलं की काढा. पण मातीखाली प्लॅस्टिक गाडलं की खालून घरातली वाफ वर जाऊन तिथंच अडकते आणि किलचन खालच्या अंगानं सडतं.

सिमेंट कसं महागात पडलं

२००६ साली एका ठेकेदारानं सांगितलं, “आतून सिमेंटचा गिलावा मारून टाकू, वीस वर्षं बघायला नको.” माजघराची भिंत गुळगुळीत, करडी, छान दिसायला लागली. तिसऱ्या पावसाळ्यात तिला कमरेएवढ्या उंचीवर फुगा आला. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज. चौथ्या पावसाळ्यात हातभर पापुद्रा पडला आणि मागची माती ओली गच्च, शिऱ्यासारखी. मामांनी त्यात बोट घातलं आणि म्हणाले, “भिंतीला आतून घाम आलाय, अन् वरून तुम्ही कातडं शिवलंय.”

मातीची भिंत जमिनीतून ओल घेते, पावसात घेते आणि ऊन-वाऱ्यात सोडून देते. हे देणंघेणं चालू असेतो ती शंभर वर्षं टिकते. सिमेंट ते बंद करतं. ओल मग वाट शोधत वर चढते, सोबत क्षार नेते, ते गिलाव्यामागं साचून त्याला ढकलतात. ऑइलपेंट आणि फरश्या चिकटवणं, दोन्हींचा परिणाम तोच.

सिमेंट काढताना ब्रेकर मशीन लावू नका, हादऱ्यानं मागची माती सुटते. छोटी छन्नी, हलका हातोडा, कडेपासून सुरुवात. सुटा झालेला भाग आपोआप येतो, घट्ट चिकटलेला एखादा तुकडा राहिला तर राहू द्या. मग भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवा. आम्ही घाई करून दोन महिन्यांत गिलावा केला आणि तो काळपटला, पुन्हा काढावा लागला.

गिलाव्याचा चिखल तयार व्हायला वेळ लागतो. चाळलेली माती, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र करून पाण्यात पंधरा दिवस कुजत ठेवा, एक दिवसाआड पायानं तुडवा. वास येतो, शेजारी बोलतात. माती चिकट असेल तर वाळू वाढवा. प्रमाण मी सांगण्यात अर्थ नाही, माती गावागणिक वेगळी. भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागेत तीन वेगवेगळी मिश्रणं लावून आठवडाभर वाळू द्या. ज्याला भेगा पडत नाहीत आणि नखानं ओरखडलं तर भुगा होत नाही, ते घ्या. पहिला हात भिंत ओली करून जोरानं फेकायचा आणि खरबरीत ठेवायचा. तो वाळल्यावर दुसरा, पातळ. वर चुन्याची सफेदी.

जोत्याच्या दगडांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मात्र चुन्यानंच भरा, एक भाग चुना, तीन भाग वाळू. त्यासाठी कळीचा चुना आणून स्वतः विझवा. बाजारातली जुनी भुकटी बऱ्याचदा हवेनं मेलेली असते. आधी टाकीत पाणी घ्या आणि चुन्याचे खडे थोडे थोडे त्यात सोडा. उलट करू नका, म्हणजे खड्यांवर पाणी ओतू नका, अंगावर उडतं. पाणी क्षणात उकळायला लागतं, डबा हात लावू देत नाही. माझ्या डोळ्यात थेंब गेला तेव्हा मी चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला होता, काम “दोनच मिनिटांचं” होतं म्हणून. नळाखाली डोळा धरून अर्धा तास उभा राहिलो, तसाच दवाखान्यात गेलो. डोळा वाचला. विझलेला चुना गाळून महिनाभर तरी पाण्याखाली ठेवा, जितका जुना तितका लोण्यासारखा. जुने लोक गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. आम्ही गूळ-हिरडा घातला. भरलेल्या दर्जांवर आठवडाभर ओली पोती लावा. चुना हवेतला वायू हळूहळू पिऊन पुन्हा दगड होतो, भर उन्हात सुकला तर भुसभुशीत राहतो.

तिसरा खांब

सोप्यातल्या तिसऱ्या खांबाचं बूड वाळवीनं खाल्लं होतं. उथाळ्यापासून वीतभर वरपर्यंत दाभण लोण्यात जावी तशी शिरली. त्यावर लाकूड टणक होतं, म्हणून अख्खा खांब बदलायची गरज नव्हती, फक्त पाय बदलायचा होता. दोन्ही अंगांना बाभळीचे धिरे उभे केले, खाली आणि वर रुंद फळ्या देऊन, म्हणजे भार एका जागी रुतू नये. आणि मधे माझा जुना बाटली जॅक. आयुष्यभर बस उचलल्या, पण इतका घाबरलो नव्हतो. अर्धा पंप मारायचा, थांबायचं, ऐकायचं. लाकूड आधी बारीक कुरकुरतं. मग किलचनातून धुळीची एक रेघ सरळ खाली येते. ती रेघ दिसली की त्या दिवसाचं काम संपलं, जॅकला हात लावायचा नाही. चार दिवसांत तुळई दोन सूत वर आली, खांब सुटा झाला. सुतारानं सडका भाग तिरका कापून दुसऱ्या पडक्या घरातल्या जुन्या सागाचा तुकडा तशाच तिरक्या कापानं जोडला, सागाच्याच खुंट्या मारून. खिळा एकही नाही. जोड दिसतो. रंग लावून लपवला नाही, जवसाचं तेल पुसलं.

वाळवीला औषध मारा, पण ती आली कशाला ते बघा. आमच्या चौकातलं पाणी त्या उथाळ्यापाशी साचत होतं. कारण गल्लीत दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर पडतो आणि रस्ता उंबऱ्याच्या वर गेलाय. रस्ता खाली आणणं आपल्या हातात नसतं. आम्ही बाहेरच्या भिंतीलगत हातभर खोल चर खणून त्यात खडी भरली आणि चौकाचं पाणी बंद नळीतून थेट नालीत सोडलं. चौकात फरशी बसवायचा आग्रह होता, मी दगडांची पाखाडीच ठेवली. दगडांमधून पाणी मुरतं आणि वाळतंही.

न्हाणीघर आणि संडास मात्र जुन्या भिंतीला खेटून नको, परसात वेगळे बांधा, खुशाल सिमेंटचे. वायरिंग भिंत खोदून आत घालू नका, वरून पट्टीतून न्या.

आता दरसाल रोहिणी लागली की मी माळवदावर जातो. पन्हळी मोकळ्या करायच्या, रोपं उपटायची, जिथं माती वाहून गेली असेल तिथं तेवढीच टोपली टाकायची आणि सळई खुपसून थर नऊ इंचांवर गेला नाही ना ते बघायचं. पहिल्या पावसात कोळशाच्या जुन्या खुणांवरून फिरतो. बावीस कोरड्या असतात. देवघराशेजारची १४ नंबरची अजून टपकते, तिथं आमची ही पातेलं ठेवते. वरून सगळं ठीक दिसतंय, म्हणजे पाणी कुठून तरी लांबून येतंय. दिवाळीनंतर त्या बाजूचं किलचन उघडून बघायचं आहे. पुण्याच्या चुलतभावाला या वेळी आधीच फोन केलाय.